खाप्याच्या खड्ड्यातली ऊब

आमच्या वेंगुर्ल्यात नागपूर म्हटलं की लोकांना एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे तिथलं ऊन. आम्ही निघालो ते मार्गशीर्ष संपता संपता, तरी निरोप द्यायला आलेली प्रत्येक बाई "उन्हाला जप हो" एवढंच सांगून गेली. सासूबाईंनी नातवाला उष्णता बाधू नये म्हणून सब्जाची पुडी आणि कोकमाच्या आगळाची बाटली बांधून दिली. मीही काही कमी शहाणी नव्हते. पिशवीत वरपासून खालपर्यंत मलमलची झबली भरली आणि लोकरीची म्हणून एकच टोपी घेतली, तीसुद्धा तिचा गोंडा छान दिसतो म्हणून.

जायचं कारण माझा दीड वर्षांचा रंगा. त्या पावसाळ्यात त्याची छाती भरली. त्यातून तो वाचला, पण श्वासाबरोबर आत एक बारीक शिट्टी वाजायची, ती काही गेली नाही. तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की सासूबाई त्याला मांडीवर घेत आणि त्याच्या छातीला कान लावत. थोडा वेळ ऐकून "वाजता", म्हणजे अजून वाजतं, असं म्हणत आणि त्याला माझ्याकडे देत. त्या एका शब्दानंतर मला जेवण जात नसे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की याला आपली दमट हवा सोसत नाही, कोरड्या हवेत ठेवून बघा, सकाळचं बाहेर फिरवा. छाती मोकळी झाली तर झाली, नाहीतर हे दुखणं याच्याबरोबरच मोठं होईल. मात्र सर्दीला सांभाळा, आणखी एकदा छाती भरली तर माझ्याच्याने काही सांगवत नाही, असंही म्हणाले. माझी थोरली बहीण नागपुरात होती, तेव्हा हवापालटाला नागपूर ठरलं. सासूबाईंना ते फारसं रुचलं नव्हतं. एस.टी.त चढताना त्या एवढंच म्हणाल्या, "व्हर त्याका, पण बरो करून हाड." म्हणजे ने त्याला, पण बरा करून आण.

नागपूर

गाडी पहाटेच्या उजेडात स्टेशनात शिरली. दार उघडलं आणि थंडी अशी अंगावर आली की माझे दात माझं न ऐकता वाजायला लागले. रंगाच्या तोंडातून वाफ निघत होती. त्याने जन्मात असं काही पाहिलं नव्हतं. तो स्वतःच्याच तोंडातली वाफ दोन्ही हातांनी धरायला बघत होता आणि हातात काही येईना म्हणून चिडत होता. ताई दोन शाली घेऊन आली होती. तिच्या मागे कानटोपी घातलेले भाऊजी. भाऊजी अस्सल नागपूरचे. त्यांनी रंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय शालूबाई, पोट्टं मलमलवर आणलं?"

"तुमच्याकडे ऊन असतं ना," मी म्हटलं.

"असते नं. मे महिन्यात या, पाहिजे तितकं देतो," असं म्हणून त्यांनी आपली कानटोपी काढून रंगाच्या डोक्यावर चढवली. ती त्याच्या हनुवटीच्याही खाली आली.

आमच्या यजमानांची रजा तोकडी होती. आम्हाला पोचवून ते परतले, आणि मी आणि रंगा ताईकडे राहिलो.

नागपूरची घरं उन्हाळ्याशी भांडायला बांधलेली असतात. उंच छत, शहाबादी फरशी, मोठमोठ्या खिडक्या. एका खिडकीत तर वाळ्याचा पडदा गेल्या उन्हाळ्यापासून तसाच राहिला होता. उन्हाळ्यात हे सगळं स्वर्गासारखं असेल, पण पौषात त्या फरशीवर पाय टेकवत नव्हता. म्हणून सकाळ झाली की शेजारपाजारच्या सगळ्या बायका घर सोडून अंगणात येत. निवडायची भाजी, विणकाम, वेण्या, भांडणं, सगळं उन्हात. ऊन सरकलं की खाटा आणि खुर्च्या सरकायच्या. आमच्याकडे धुतलेलं लुगडं दोन दोन दिवस वाळत नाही. इथे तासाभरात कडक होतं, आणि माणसाचे ओठही त्याच्याबरोबर वाळतात. हवा कोरडी हवी होती ना, घ्या म्हटलं मनाशी.

आणि त्या उन्हात बसून सगळे संत्री खात. थंडीत पोराला संत्रं देणं म्हणजे आमच्याकडे पाप. इथे ताईने टोपलीभर संत्री पुढे ठेवली आणि माझ्या डोळ्यांदेखत एक फोड सोलून रंगाच्या तोंडात घातली. मी ओरडेपर्यंत त्याने दुसरी मागितली होती.

"इथली सगळी पोरं खातात," ताई म्हणाली.

"इथल्या पोरांची छाती वाजत नाही."

यावर तिने हात आवरला, पण मी आत वळल्यावर तिने तिसरीही दिलीच. जेवायला त्या दिवशी सांबारवडी होती. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर, आणि ती वडी म्हणजे आतल्या तिखट सारणावर बाहेरून तळणीची पारी. एक खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी घेतली. थंडीवर तेवढंच एक औषध मला मनापासून पटलं.

ताईची मुलं मोठी झाली होती, पण त्यांची बाबागाडी माळ्यावर होती. पोलादी नळ्या, मध्ये झोळीसारखं ताणलेलं निळं कॅनव्हास, आणि एक चाक कुरकुरणारं. भाऊजींनी ती खाली काढून पुसली. रंगा तिच्यात बसला तो उतरायलाच तयार होईना. कडेवर घेतला की ताठ होऊन रडायचा. तेव्हा सकाळचं फिरणं बाबागाडीतून, बागेपर्यंत, असं ठरून गेलं.

इतवारी

पहिल्या दोन दिवसांतच कळलं की मलमलचा इथे काही उपयोग नाही. ताईच्या शेजारच्या वच्छलाबाई माझ्याबरोबर इतवारीच्या बाजारात आल्या. त्या मूळच्या खाप्याच्या, माहेरी हातमाग, नवरा कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला. कापडाला हात लावला की त्यांचं तोंड सुरू होई आणि दुकानदार सावध होऊन बसे. आम्ही फलाटीनचं ऊबदार कापड घेतलं, लोकर घेतली, कापूस घेतला. रंगा बाबागाडीत होता, आणि इतवारीच्या गल्लीत बाबागाडी नेणं हा माझा मूर्खपणा होता. समोरून भांड्यांनी भरलेला हातठेला आला. त्याला मागे जाता येईना, मला वळता येईना. ठेलेवाल्याने वाकून बाबागाडीत पाहिलं. शाल, दुपटं, त्याखाली स्वेटर, वर भाऊजींची कानटोपी.

"बाई, यात कोणी आहे का नुसतेच कपडे घेऊन चालल्या?" त्याने विचारलं.

तेवढ्यात त्या ढिगातून रंगाने शिंक दिली. वच्छलाबाई हसत सुटल्या, ठेलेवालाही हसला. मला मात्र हसू येईना, कारण ती त्या सकाळची पहिली शिंक नव्हती.

मला कोडं पडलं होतं. मी रोज त्याच्यावर आणखी एक थर चढवत होते. स्वेटरावर स्वेटर, शालीवर रजई, ताईने गळ्यात बांधलेली ओव्याची पुरचुंडी वेगळी. वरून हात लावला की पोर ऊबदार. पण घरी येऊन उचललं की पाठ आणि मांड्या फरशीसारख्या गार. मला वाटे, थर कमी पडला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग तो घामाघूम होऊन रडायचा आणि तरी खालून गारच. तिन्हीसांजेला मी सासूबाईंसारखी त्याच्या छातीला कान लावायची. शिट्टी कमी तर नव्हतीच, ती वाढली होती. ताईला दोन दिवस सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला कान लावताना पाहिलं आणि मला रडू फुटलं.

"मी परत जाते," मी म्हटलं. "तिथे दमट तर दमट, पण तिथे तो निदान गारठत नाही."

ताई दुखावली. तिला वाटत होतं, आपल्या घरात आपल्या भाच्याला बरं वाटू नये म्हणजे काय. संत्र्यांची टोपली तिने दुसऱ्या दिवसापासून आत ठेवून दिली, आणि ते पाहून मला आणखीच वाईट वाटलं. संक्रांत दोन दिवसांवर होती. वच्छलाबाई वाण द्यायला माहेरी निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एक दिवस खाप्याले चला नं, शालूबाई. नदी पाहा, माग पाहा. मग जायचं तर जा." ऊन छान पडलं होतं. ताईनेही फार आग्रह केला. मी हो म्हटलं.

खापा

बाबागाडी एस.टी.च्या टपावर चढली आणि आम्ही आत. वाटेत कोराडीच्या वीजकेंद्राच्या धूर सोडणाऱ्या उंच चिमण्या दिसल्या. रंगाने त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि स्वतः तोंड उघडून हा हा करून वाफ काढून दाखवली. कोणीतरी मोठं माणूस तिथे तोंड उघडून उभं आहे, अशी त्याची समजूत झाली असावी. त्या सकाळी तो इतका खुशीत होता की मी परतीचा विचार थोडा बाजूला ठेवला.

खापा हे कन्हान नदीच्या काठचं गाव. वच्छलाबाईंच्या गल्लीत शिरलं की घराघरातून खटक-खटक आवाज येतो, आणि थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा होतो, आमच्याकडे समुद्राचा होतो तसा. त्यांच्या आईला सगळं गाव माय म्हणत होतं. तिने तिळाचे लाडू हातावर ठेवले आणि रंगाचा एकेक थर उचलून आत पोर आहे याची खात्री करून घेतली. भाऊ गणपत मागावर बसला होता. जमिनीत खोदलेला खड्डा, काठावर तो बसलेला, पाय आत पावड्यांच्या लाकडी पट्ट्यांवर. पाय दाबला की वरचे दोरे उघडायचे आणि त्यातून धोटा पलीकडे पळायचा. काठाच्या लुगड्याचं काम चाललं होतं. मी बघितलं, छान म्हटलं, आणि मी, वच्छलाबाई आणि बाबागाडीतला रंगा नदीवर गेलो.

नदीवर वारा सुटला. आधी मला तो आवडला, कारण मी समुद्राकाठची. मग आभाळ भरून आलं आणि ऊन बघता बघता विझलं. पौषातला पाऊस मला माहीत नव्हता. मोठे, टोचणारे थेंब, आणि मध्येच गारा. आम्ही बाबागाडी घेऊन पळत सुटलो. ते कुरकुरणारं चाक गाळात रुतलं. मी रंगाला उचललं तर वरची रजई जेमतेम ओली होती, पण खालचं कॅनव्हास भिजून गच्च झालं होतं आणि त्याची पाठ, मांड्या, पाय पाण्यातून काढल्यासारखे. ओठ निळसर झाले होते. तो रडत नव्हता, नुसता थरथरत होता. आणि त्याच्या छातीतली शिट्टी मला कान न लावता ऐकू येत होती. पळता पळता मला एकच दिसत होतं, सासूबाईंनी एस.टी.च्या खिडकीतून त्याच्या पायाला लावलेला हात. मी पोराला बरं करायला नव्हे, घालवायला इथवर आणलं, असं मला खरंच वाटलं.

मायने दारातच त्याला माझ्या हातून घेतला. ओले कपडे ओरबाडून काढले, पदराने खसाखसा पुसला, स्वतःच्या घोंगडीत गुंडाळला आणि गणपतला म्हणाली, "ऊठ गा तू. याले खड्ड्यात घे."

खड्डा हा शब्द मला त्या क्षणी सोसणारा नव्हता. "नको, खड्ड्यात नको," मी म्हटलं. आमच्याकडे अंगणात हातभर खणलं की पाणी लागतं. जमिनीतला खड्डा म्हणजे माझ्या मनात ओल, शेवाळ आणि बेडूक.

"मग तू उतर नं वं आधी," माय म्हणाली. "आणि पाह्य, गार लागते का काय ते."

मी उतरले. माझे पाय पावड्यांपाशी टेकले आणि मी दचकले. माती कोरडी होती, आणि चक्क कोमट. रात्रभर निखारे ठेवून मग काढून घेतलेल्या चुलीपाशी हात धरावा, तसं वाटलं. मी खड्ड्यातच खाली बसले आणि मायने रंगाला माझ्या मांडीवर दिला. बाहेर वारा दार आपटत होता, माझे केस उडत होते, आणि खड्ड्यात, माझ्या खांद्यांखाली, वाऱ्याचा लवलेश नव्हता.

हळूहळू त्याची थरथर थांबली. त्याने घोंगडीतून एक हात काढला आणि पावडी दाबली. वर दोरे उघडले. त्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा दाबली. गणपत वरून वाकून बघत होता. "लुगडं बिघडवून राहिला हा पोट्टा," तो म्हणाला, पण त्याने त्याला थांबवलं नाही. पुष्कळ वेळ दाबादाबी झाल्यावर रंगा माझ्या छातीवर डोकं ठेवून झोपला. मी त्याच्या छातीला कान लावला. शिट्टी होती, पण लांब गेलेली. थोड्या वेळाने पुन्हा लावला. आणखी लांब गेली होती. वच्छलाबाईंनी वरून चहाची बशी धरली, ती मी तशीच बसल्या बसल्या प्यायले, आणि मला इतकं हलकं वाटलं की चहात डोळ्यांतलं पाणी पडलं तरी मी ते पुसलं नाही.

"ही ऊब कशाने असते हो?" मी गणपतला विचारलं.

"मले नाही माहीत," तो म्हणाला. "आमचे बाबा म्हणत, खाली शेषनाग निजला हाये. म्या कधी खणून नाही पाह्यलं."

मी तशी बसलेली असताना माझी नजर दाराकडे गेली. वच्छलाबाईंनी गाळातून ओढून आणलेली बाबागाडी ओट्यावर उभी होती. वाऱ्याचा झोत आला की तिचं निळं कॅनव्हास खालून फुगायचं आणि पुन्हा बसायचं. मी ते दोनदा पाहिलं. इथे माझ्या डोक्यावर काही नव्हतं, अंगावर साधी सुती साडी, तीही ओली, आणि तरी मी उबेत होते, कारण खालून आणि बाजूंनी मी बंद होते. आणि माझं पोर रोज सकाळी नऊ कपडे पांघरून एका पातळ कॅनव्हासवर, जमिनीपासून हातभर वर, वाऱ्यात टांगलेलं असायचं. मी वर थर चढवत होते आणि थंडी खालून येत होती. आमच्याकडे थंडी म्हणजे नुसती पहाटेची झुळूक, ती कुठून येते हे बघायची कोणाला कधी गरजच पडली नव्हती.

पाऊस थांबल्यावर मी मायकडे एखादी जाड गोधडी आणि सुई-दोरा मागितला. तिला वाटलं मला झोपायचंय. मी सांगितलं, या गाडीचा मला खड्डा करायचाय. ती आधी हसली, मग तिने ज्यात सूत येतं ते गोणपाट आणि जुनी सतरंजी काढली. आम्ही वाऱ्याने सुकत आलेल्या कॅनव्हासखाली गोणपाट ताणून शिवलं, त्यावर गोधडीच्या घड्या घातल्या, आणि सतरंजी दोन्ही बाजूंनी आणि पायाशी नळ्यांना गुंडाळून टाचली, अशी की आत बसलेल्याचं फक्त डोकं बाहेर राहावं.

"गाडीचा माग करून राहिले का काय?" गणपत म्हणाला. "पावड्या लावू का?"

संध्याकाळच्या एस.टी.ला जाताना रंगा त्यात बसला. अंगात चुलीपाशी वाळवलेला एक स्वेटर, डोक्यावर गोंड्याची टोपी, बाकी काही नाही. स्टँडवर मी पाठीखाली हात घातला. पाठ गरम होती.

पुन्हा नागपूर

ताप येईल म्हणून मी दोन दिवस धाकात होते. आला नाही. मग आमचं फिरणं पुन्हा सुरू झालं. ती खड्डा केलेली गाडी रस्त्यातून निघाली की लोक वळून बघत. दिसायला ती खरोखर एखाद्या निर्वासिताच्या गाड्यासारखी दिसत होती, आणि ताईला तिची थोडी लाज वाटे. रंगा आत बसून संत्र्याच्या फोडी खाई. हो, टोपली मीच आतून बाहेर आणून ठेवली.

शिट्टी एकदम गेली नाही. ती बारीक होत गेली, मग कधी ऐकू यायची, कधी नाही. एका संध्याकाळी मी कान लावला आणि काहीच नव्हतं. ताईला बोलावलं. तिनेही लावला. भाऊजींनी कानटोपी काढून लावला. मग श्रेय कोणाचं यावर घरात वाद झाला. ताई म्हणे ओव्याची पुरचुंडी. भाऊजी म्हणत संत्री, दुसरं काय. मायने वच्छलाबाईंबरोबर निरोप पाठवला होता, की त्या दिवशीच मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या होत्या, तेव्हाच सगळं निघून गेलं. डॉक्टर अर्थात कोरड्या हवेचं नाव घेतील. मला गाडीच्या खालच्या गोणपाटाबद्दल खात्री आहे, पण त्यांचाही आनंद मला कमी करायचा नव्हता.

फाल्गुन लागला तशी दुपार तापायला लागली. तेव्हा कुठे सासूबाईंच्या आगळाची बाटली उघडली. भाऊजींनी एक ग्लास घेतला, तोंड वाकडं केलं आणि दुसरा मागितला. खिडकीतल्या वाळ्याच्या पडद्यावर ताई पाणी मारू लागली, तेव्हा आम्ही निघालो. बाबागाडीची सतरंजी उसवून मी वच्छलाबाईंकडे परत दिली.

घर

वेंगुर्ल्याला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. सासूबाई ओटीवरच उभ्या होत्या. रंगा मधल्या काळात चालायला लागला होता. तो स्वतः पायऱ्या चढला, ते त्यांनी पाहिलं, पण कौतुक केलं नाही. आधी देवापाशी दिवा लावला. मग त्याला मांडीवर घेतला आणि छातीला कान लावला.

मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. त्यांनी दुसरा कान लावला. रंगा त्यांच्या अंबाड्यातलं फूल ओढत होता. शेवटी त्यांनी मान वर केली. चेहरा घाबरलेला होता.

"माझे कान गेले की काय गो?" त्या म्हणाल्या. "काय्येक ऐकाक येना नाय."

"कान बरे आहेत तुमचे," मी म्हटलं.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा छातीला कान लावला. मग कितीतरी वेळ त्या तशाच बसून राहिल्या. रंगाने त्यांचा अंबाडा पुरता सोडवला, तरी त्यांनी कान काढला नाही.